पार्किंगचं डांबर हिवाळ्यात असं टिकवलं
न्यू जर्सीत आमचं किराणा दुकान आहे. समोरच्या पार्किंगमध्ये दर मार्चला खड्डे पडायचे. खरा शत्रू वरचा बर्फ नाही, भेगेत मुरलेलं पाणी. गोठलं की ते सुमारे 9 टक्के फुगतं, वितळलं की आणखी खोल उतरतं. म्हणून ऑक्टोबरमध्येच, हवा 10 अंश सेल्सिअसच्या वर असताना, भेगा हवेच्या झोताने साफ करून घेतल्या. आत गवताची मुळं, ओली माती निघाली. ती राहिली तर काहीच चिकटत नाही. कोरड्या भेगांत गरम रबरमिश्रित डांबर भरलं. गटाराच्या जाळीवरचा पाचोळा मात्र स्वतः काढत राहिलो, कारण पाणी तुंबलं तर सगळा खर्च वाया. यंदा फक्त कचऱ्याचा ट्रक वळतो तिथे उखडलंय. तेवढ्या भागात काँक्रीट टाकून घेणार आहे.