सिंथवर स्वतःचा साउंड कसा बनवायचा: आधी अंदाज, मग नॉब

सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य किंवा सॉफ्टवेअर, उघडला की नवीन माणूस काय करतो तर प्रीसेट (आधीच बनवून ठेवलेले साउंड) चाळत बसतो, हा वाजवला, ठीक आहे, पुढचा, पुढचा, आणि तास-दीड तास असाच गेला की ना गाणं झालेलं असतं ना शिकणं. मग कोणीतरी सांगतं टुटोरियल बघ. ते लावायचं, समोरचा जसं फिरवतोय तसं फिरवायचं, साउंड हुबेहूब येतो, भारी वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी कोरा पॅच (सिंथवरच्या सेटिंगचा एक संच, म्हणजे एक साउंड) समोर आला की हातच पुढे जात नाही. माझे पहिले सात-आठ महिने असेच गेले आणि तेव्हाच सोडून द्यावंसं सगळ्यात जास्त वाटलं होतं.

त्यातून बाहेर काढलं एका सवयीनं. कुठलाही नॉब फिरवायच्या आधी, आता काय ऐकू येईल ते तोंडानं बोलायचं. "हा वाढवला की आवाज बोथट होईल." मग फिरवायचं, ऐकायचं. बरोबर आलं तर पुढे, चुकलं तर वहीत एक ओळ. बस. चुकलेला अंदाज तर जास्तच पक्का डोक्यात बसतो. खाली जे काही सांगतोय ते सगळं ही सवय धरूनच करायचं, नाहीतर तेही एक टुटोरियलच होईल.

१. एकच सिंथ घ्या आणि तो रिकामा करा

व्हायटलची मोफत आवृत्ती आहे, सर्ज एक्सटी तर पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे, किंवा तुमच्या गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरसोबत जो आलाय तो. कुठलाही चालेल, फक्त निदान तीन महिने बदलायचा नाही. दर आठवड्याला नवीन प्लगिन टाकलं की दर आठवड्याला बटणं कुठेत हेच शोधत बसावं लागतं आणि कान तिथेच राहतो.

आता मेन्यूत जाऊन इनिट, म्हणजे कोरा, प्रीसेट लावा. फिल्टर बंद, इफेक्ट सगळे बंद, एकच ऑसिलेटर चालू. ऐकायला रूक्ष वाटेल, वाटू दे, तेच हवंय. आणि मास्टरवर (शेवटी बाहेर पडणाऱ्या एकत्र आवाजावर) एक लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेपुढे जाऊ न देणारा इफेक्ट, लावा, हेडफोनचा आवाज कमी ठेवा. पुढे रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो त्या जागेचा आवाज उचलणारा नॉब) फिरवताना आवाज अचानक उसळतो आणि कान एकदा गेले की परत येत नाहीत, त्यामुळे हे टाळू नका.

२. वेव्हचे आकार कानानं ओळखा

१९७० च्या मिनिमूगपासून आजच्या प्लगिनपर्यंत बहुतेक सिंथचा गाभा एकच आहे: ऑसिलेटर आवाज तयार करतो, फिल्टर त्यातलं काही कापतो, अ‍ॅम्प तो आवाज कधी किती मोठा हे ठरवतो. तर आधी ऑसिलेटर. एक खालचा ए वाजवा, ११० हर्ट्झचा, आणि साइन, ट्रायँगल, स्क्वेअर, सॉ असं एकेक बदलत ऐका.

साइनमध्ये फक्त ११० असतं, दुसरं काहीच नाही, म्हणून गोल आणि शांत. सॉमध्ये ११०, २२०, ३३०, ४४० असे सगळे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) असतात, वर जाईल तसे बारीक होत गेलेले, म्हणून तो करकरीत आणि भरलेला. स्क्वेअरमध्ये फक्त विषम, म्हणजे ११०, ३३०, ५५०, म्हणून तो आतून पोकळ वाटतो, क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांसारखा. ट्रायँगलमध्येही विषमच, पण वरचे फार पटकन विरतात. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावला तर हे दिसतंही, पण आधी डोळे मिटून ओळखा, मग स्क्रीन बघा. दोन-तीन दिवसात जमतं.

३. फिल्टर, आणि इथे जरा थांबा

सॉ लावा, लो पास फिल्टर (खालचं जाऊ देणारा, वरचं कापणारा) चालू करा, कटऑफ, म्हणजे कापणं सुरू होतं ती जागा, पूर्ण खाली आणा. मग रेझोनन्स बराच वर न्या आणि कटऑफ अगदी हळू, एकेक केस सरकावा तसा, वर न्यायला लागा. घाई केली तर फक्त 'वाऊ' असा आवाज येईल, तो नकोय. हळू नेलंत तर सूर न बदलता त्याच्या आतून एकेक शिट्टी बाहेर येताना ऐकू येईल, आधी २२० ची, मग ३३० ची, मग ४४० ची, जशी एखाद्या जिन्याची एकेक पायरी. म्हणजे आत्ता पुस्तकी वाटणारे हार्मोनिक्स खरंच त्या एका सुरात बसलेले आहेत आणि फिल्टर त्यांच्यावर टॉर्च मारतोय. मला हे पहिल्यांदा ऐकू आलं त्या दिवशी फिल्टर कळला, त्याआधी मी नुसता फिरवत होतो.

याच ठिकाणी माझ्या वहीतला सगळ्यात उपयोगी चुकलेला अंदाज आहे. मी लिहिलं होतं, रेझोनन्स वाढवला की बेस जाड होईल. झालं उलटं. लॅडर प्रकारच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढला की खालचा भाग पातळ होतो. म्हणजे बेस बनवताना रेझोनन्स जपून, किंवा खाली एक साइन वेगळी द्यायची. हे कुठे वाचलं असतं तर विसरलो असतो.

१२ डीबी (डेसिबल) आणि २४ डीबी असे पर्याय दिसतील, ते दर सप्तकाला किती कापायचं ते. २४ जास्त जोरात कापतो. सध्या एवढं पुरे.

४. एन्व्हलप: सगळी गंमत इथे आहे

अ‍ॅटॅक (आवाज चढायचा वेळ), डिके (तिथून सस्टेनपर्यंत उतरायचा वेळ), सस्टेन, रिलीज (बोट सोडल्यावर विरायचा वेळ). यात तीन वेळा आहेत आणि सस्टेन ही वेळ नाही, ती पातळी आहे, बोट दाबून धरलं की आवाज कितीवर टिकून राहणार ती. बहुतेक गोंधळ इथेच होतो, म्हणून हे एकदा कागदावर स्वतःच्या हातानं काढून बघा.

तोच सॉ, तोच फिल्टर, आणि फक्त अ‍ॅम्प एन्व्हलप बदला. अ‍ॅटॅक २ मिलिसेकंद, डिके ३००, सस्टेन शून्य, रिलीज २००: तार छेडल्यासारखा प्लक. आता अ‍ॅटॅक १२०० मिलिसेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज दोन सेकंद: पॅड, म्हणजे हळू उमलून लांब टिकणारा आवाज. वेव्ह तीच आहे हं, फक्त काळाची आखणी बदलली आणि वाद्यच बदललं. अ‍ॅटॅक अगदी शून्य ठेवला आणि सुरुवातीला टिक् असं ऐकू आलं तर २-३ मिलिसेकंद वाढवा, जातं.

दुसरा एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफला जोडा. कटऑफ २०० हर्ट्झच्या आसपास, अमाउंट (एन्व्हलपनं कटऑफ किती हलवायचा ते) निम्म्यावर, डिके २५०, सस्टेन शून्य. सूर उजेडात, म्हणजे करकरीत, सुरू होतो आणि अंधारात, म्हणजे बोथट होत, जातो. सिंथ बेसचा अर्धा संसार या एका जोडणीवर चालतो. डिके ८० केला तर काय होईल? आधी बोला.

आणि हेच एन्व्हलप पिचला (सुराच्या उंचीला) जोडलं की किक ड्रम. साइन घ्या, पिच बऱ्याच वरून सुरू होऊन ५०-६० मिलिसेकंदात ५० हर्ट्झच्या आसपास येईल असं करा, अ‍ॅम्पचा डिके ३५०. पिच उतरायला वेळ जास्त दिला की लेझरसारखा 'प्यू' होतो, कमी दिला की नुसती टकटक, आणि मधे कुठेतरी एका जागी ती छातीत लागते. ती जागा प्रत्येक गाण्यात थोडी वेगळी असते, कानानंच शोधायची.

५. डीट्यून आणि एलएफओ

दुसरा ऑसिलेटर चालू करा, तोही सॉ, आणि पहिल्यापेक्षा १० सेंटनी वर न्या. १०० सेंट म्हणजे एक सेमीटोन, म्हणजे हा फरक अगदी थोडासा. दोन सूर एकमेकांवर घासतात आणि आवाजात लाटा येतात. आता बघा, १० सेंटच्या फरकानं ११० हर्ट्झवर साधारण दीड सेकंदाला एक लाट येते, आणि दोन सप्तकं वर, ४४० वर, सेकंदाला अडीच. म्हणून जो डीट्यून बेसमध्ये संथ आणि दमदार वाटतो तोच वरच्या कॉर्डमध्ये थरथरायला लागतो. आपला पॅच वर नेल्यावर का बिघडला याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. खालच्या सुरात असे दोन सॉ म्हणजेच रीस बेसचा पाया, केव्हिन सॉन्डरसननं 'रीस' या नावानं १९८८ मध्ये जो आवाज आणला तो.

एलएफओ म्हणजे ऐकू न येणारा, इतका हळू ऑसिलेटर, तो तुमच्या जागी नॉब फिरवत राहतो. पिचला जोडला की व्हायब्रॅटो, व्हॉल्यूमला जोडला की ट्रेमोलो, कटऑफला जोडला की वॉबल. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) ४ हर्ट्झ म्हणजे बरोबर एक-अष्टमांश नोट. सुरुवातीला अमाउंट इतका कमी ठेवा की जेमतेम जाणवेल, जास्त केला की कान लगेच कंटाळतो.

एफएम, वेव्हटेबल, ग्रॅन्युलर हे आवाज बनवायचे दुसरे प्रकार, ते सगळं नंतर. १९८३ च्या डीएक्स७ या एफएम सिंथमध्ये सहा ऑपरेटर आणि ३२ अल्गोरिदम होते, ते जग सुंदर आहे पण वरच्या पाच गोष्टी हातात बसल्याशिवाय तिथे गेलात तर परत प्रीसेट चाळणं सुरू होईल.

६. कानानं नक्कल करा

आवडलेल्या गाण्यातला एक साउंड घ्या, शक्यतो एकटा ऐकू येणारा. ऐकून वहीत उत्तरं लिहा: सुरुवात झटक्यात की हळू? बोट सोडल्यावर शेपूट किती? उजेड कमी होत जातो की वाढत जातो? सुटा आहे की जाड? हलतोय का, आणि ठेक्यावर हलतोय का? एवढं लिहिलं की पॅच जवळजवळ कागदावर तयार असतो, कारण प्रत्येक उत्तर एकेका नॉबकडे जातं. मग वीस मिनिटं प्रयत्न करा. जमलं नाही तरच टुटोरियल.

तुलना करताना दोन गोष्टी सांभाळा. दोन्हींचा आवाज कानाला सारखा ठेवा, कारण मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. आणि त्या गाण्यातला साउंड म्हणजे तीन-चार थर, इक्यू, कॉम्प्रेशन, रिव्हर्ब, मास्टरिंग असं सगळं होऊन आलेला असतो, तुमचा मात्र कोरा पॅच आहे. मन खचतं ते बऱ्याचदा या तुलनेनं, आणि ती तुलनाच चुकीची आहे, तुमचा कान नाही.

प्रीसेट वापरणं हे पाप नाही. आवडलेला प्रीसेट उघडा, आधी इफेक्ट बंद करा, मग एकेक एलएफओ, मग दुसरा ऑसिलेटर, असं सोलत जा. काय काढल्यावर जीव गेला ते कळतं.

७. मन टिकवायचं कसं

साउंड बनवायचा दिवस आणि गाणं बनवायचा दिवस वेगळा ठेवा. गाणं करता करता स्नेअर कोरायला बसलं की दोन्ही अर्धवट राहतं, आणि अर्धवट राहिलेल्या फाइलींचा ढीगच माणसाला सगळ्यात जास्त दमवतो. साउंडच्या दिवशी २५ मिनिटांचा टायमर लावा, बनेल तो पॅच नाव देऊन सेव्ह करा, नाव असं की वाचून आवाज आठवेल, 'ओला लाकडी प्लक' असं काहीही. गाण्याच्या दिवशी नवीन काही बनवायचं नाही, फक्त सेव्ह केलेलं वापरायचं. महिन्याला एक मिनिटभराचा तुकडा चारच साउंडमध्ये पूर्ण करा: किक, बेस, प्लक, पॅड, चारही स्वतःचे.

चार फार कमी वाटतात ना? टीबी-३०३ या जुन्या बेस सिंथवर ऑसिलेटर एक, वेव्ह दोन, सॉ किंवा स्क्वेअर, आणि आवाज बदलायला सहा नॉब: ट्यूनिंग, कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलप मॉड, डिके, अ‍ॅक्सेंट. बेस गिटार वाजवणाऱ्याच्या जागी चालावं म्हणून ते मशीन काढलं होतं, त्या कामाला ते चाललं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पुढे शिकागोत फ्युचर या ग्रुपनं तेच वापरात आणलं, पॅटर्न चालू असताना नॉब फिरवत राहिले, आणि १९८७ मध्ये अ‍ॅसिड हाउस हे नाचायचं संगीत लोकांपर्यंत पोचलं. तुमच्या फुकटच्या सिंथमध्ये त्याच्या कितीतरी पट जास्त आहे.

काही दिवस काहीच करावंसं वाटणार नाही. त्या दिवशी सिंथ उघडू नका, वही उघडा. जुनी पानं वाचा आणि तिथले चुकलेले अंदाज आज परत लावून बघा. मी ज्या पानावर 'बेस जाड होईल' लिहिलं होतं त्याच्या पुढची तीन पानं चुकांनी भरलेली आहेत, आणि पाच महिन्यांनंतरच्या पानावर एकच चूक आहे. ऐकलेल्या गाण्यांवरून आपण पुढे गेलो की नाही ते कळत नाही, त्या पानावरून कळतं.

आज पंधराच मिनिटं असतील तर फक्त तिसरी पायरी करा. सॉ, ११० हर्ट्झ, रेझोनन्स वर, कटऑफ हळू. पहिली शिट्टी कुठल्या सुराची असेल ते आधी गुणगुणून ठेवा.