दुबईतून व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही: माझा अनुभव

दुबईत पोहोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, फोटो आणि व्हॉइस नोट सुरळीत जात होते. कॉल मात्र उचलला गेला तरी आवाज पोहोचत नसे. फोन बंद करून पुन्हा सुरू केला, अ‍ॅप अपडेट केले, हॉटेलचे वाय-फाय सोडून स्थानिक सिमचा डेटा वापरला, तरी फरक पडला नाही. साताऱ्यात आई वाट पाहत असताना हे फार जिवाला लागते.

दोष फोनचा नव्हता. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेट कॉलिंगला नियामकाची परवानगी लागते, आणि ती झूम, गूगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स, बोटिम यांसारख्या मोजक्या अ‍ॅपना आहे. व्हीपीएनचा, म्हणजे आपले इंटरनेटवरचे ठिकाण लपवणाऱ्या सेवेचा, सल्ला अनेक जण देतात. पण त्याच्या गैरवापराला तिथे जबर दंड आहे, म्हणून तो मार्ग टाळावा.

मी झूम निवडले, कारण आईला त्यात खाते उघडावे लागत नाही. आधी मी ईमेलने खाते उघडले आणि आईच्या फोनवर भाच्याकडून अ‍ॅप टाकून घेतले. मग ‘न्यू मीटिंग’मध्ये ‘पर्सनल मीटिंग आयडी’ सुरू केला, म्हणजे लिंक रोज तीच राहते, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवली. आईने लिंक दाबली, नाव लिहिले, मायक्रोफोनला परवानगी दिली. ती प्रतीक्षा कक्षात दिसताच मी ‘अ‍ॅडमिट’ दाबले. तरीही आवाज आला नाही, तेव्हा तिला खालच्या कोपऱ्यातले हेडफोनचे चिन्ह दाबून ‘वाय-फाय ऑर सेल्युलर डेटा’ निवडायला सांगितले, आणि लगेच बोलणे सुरू झाले. मोफत खात्यावर 40 मिनिटांनी मीटिंग बंद होते. तीच लिंक पुन्हा उघडावी.