इंदूरमध्ये कोंडलेला माणूस: अपहरणाची रहस्यकथा कशी रचावी

अपहरणकथा लिहायला बसताना सगळ्यात आधी खोली आखा. कागदावर, मापासकट: दहा बाय बारा, दार कुठल्या बाजूला उघडतं, कडी आतून की बाहेरून, मोरी कुठे, झरोका किती उंचीवर. बऱ्याच कथा इथेच फसतात. तिसऱ्या प्रकरणात पूर्वेला असलेली खिडकी नवव्या प्रकरणात मावळतीचं ऊन आत आणते आणि रहस्यकथेचा वाचक असली चूक कधी सोडत नाही.

दुसऱ्या कागदावर चार रकाने पाडा: दिवस-वेळ, काय घडलं, कैद्याला काय कळलं, वाचकाला काय कळलं. शेवटच्या दोन रकान्यांत जेवढा फरक, तेवढीच उत्कंठा. दोन्ही रकाने पानोपानी सारखेच भरत असतील तर कथा नुसती पुढे सरकते आहे, ताण काहीच नाही.

आता शहर. समजा नायिका रामबाग या इंदूरच्या वस्तीतली आहे आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी आहे. मग इंदूर कानांनी आणि नाकानंच यायला हवं. महापालिकेची कचरागाडी सकाळी गाणं वाजवत गल्लीत येते. ते ऐकू आलं की तीन गोष्टी एकदम हाती लागतात: सकाळ झाली, आपण शहरातच आहोत, रस्ता जवळ आहे. या गाडीचा फास अपहरणकर्त्यांच्याही गळ्यात आहे. कचरा ओला-सुका वेगळा करून द्यावा लागतो. दिला, तर बंद म्हणून सांगितलेल्या घरातून पाच जणांच्या पत्रावळी बाहेर पडतात. नाही दिला, तर चौथ्या दिवशी वास सुटतो आणि शेजारीण विचारायला येते. एवढा एक धागा चाळीस पानं सहज ओढतो.

ठिकाण बदलायचं असेल तर आवाजही बदला. इंदूरजवळचं महू लष्करी छावणीचं गाव, तिथे लांबून गोळीबाराच्या सरावाचे आवाज येऊ शकतात. पीथमपूर म्हणजे कारखाने, पाळी बदलली की रस्त्यावर एकदम गर्दीचा गलका. आणि ऋतू सांगायला तळलेल्या गराडू या कंदाचा वास पुरे, तो हिवाळ्याचाच.

कचरागाडी ऐकू येत नसेल, तर वेळेचा अंदाज मात्र पात्राला बरोबर येऊ देऊ नका. फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र १९६२ मध्ये घड्याळाशिवाय सुमारे दोन महिने गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला मुदत संपली तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच होता. नायिकेनं सात ताटं म्हणजे साडेतीन दिवस असं धरावं आणि पहारेकरी दिवसाला एकच ताट देत असावा. मग तिला वाटतं घरचे अजून पैशांची जुळवाजुळव करत असतील, आणि बाहेर मुदत उलटून गेलेली असते.

शरीराबद्दल सिनेमावर विसंबू नका. रुमालावरच्या क्लोरोफॉर्मनं माणूस दोन सेकंदांत पडत नाही, काही मिनिटं लागतात, आणि पुढे श्वास अडकण्याची भीती असते. डोक्यावर फटका बसून तासभर बेशुद्ध पडलेली व्यक्ती उठून पळत नाही, तिला मेंदूची गंभीर दुखापत झालेली असते. मनगटं आवळून रात्रभर ठेवलेल्या माणसाची बोटं सुटल्यावरही बधिर असतात, कारण नस दाबली गेलेली असते. म्हणून सुटकेच्या प्रसंगी किल्ली एकदा तरी हातातून पडू द्या.

खंडणीचं गणितही करून पाहा. एक कोटी म्हणजे पाचशेच्या वीस हजार नोटा, शंभर-शंभर नोटांच्या दोनशे गड्ड्या, वजन वीस किलोच्या वर. हे ओझं स्कूटरच्या डिक्कीत सहज मावत नाही. दोन हजाराची नोट २०२३ मध्ये मागे घेतली गेली, तेव्हा त्यानंतरच्या कथेत ती पळवाटही नाही.

फोनवरचा प्रसंग कथेचा कणा. कैदी जिवंत असल्याचा पुरावा मागताना सासूबाई विचारतात, ‘आपण सत्यनारायण कधी घातला होता गं?’ ती म्हणते, ‘चार वर्षं झाली, आई.’ पूजा मागच्याच महिन्यात झालेली. घरच्यांना कळतं की पहाऱ्यावर चौघं आहेत. मात्र ती पूजा पहिल्या प्रकरणात सहज, प्रसादाच्या वाटीइतकीच येऊन गेलेली हवी. आणि मराठीत बोललं की कुणाला कळणार नाही, हा भरवसा इंदूरमध्ये चालत नाही, इथे बऱ्याच बिगरमराठी माणसांनाही मराठी समजतं. पहारेकऱ्याच्या तोंडी छापील हिंदीही नको. इंदुरी पोरगा ‘भैया’ला ‘भिया’ म्हणणारच.

पोलिसांकडे येताना आधी कथेचं साल ठरवा. इंदूरला पोलीस आयुक्तालय डिसेंबर २०२१ मध्ये आलं, त्याआधीच्या कथेत आयुक्त नको. खंडणीसाठी अपहरणाचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३६४-क होतं. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं १४० लागतं. हद्दीचा खेळही इथला खास: रामबाग आयुक्तालयात, महू ग्रामीण पोलिसांकडे, पीथमपूर तर धार जिल्ह्यातच. शून्य क्रमांकाची फिर्याद (झिरो एफआयआर), म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही, कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, पण तपास दुसऱ्या ठाण्याकडे जाताना जे तास जातात ते तुमचे. मोबाइल टॉवरवरून नेमकं घर सापडत नाही. शहरात गल्ल्यांचा एक पट्टा मिळतो, खेड्याकडे काही किलोमीटरचा.

सुटकेवर कथा थांबवू नका. तिचा दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब लिहून काढा. घर तिनं पाहिलेलंच नाही, सांगायला फक्त आवाज, वास आणि ताटं. हा जबाब चार रकान्यांच्या कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. तिसऱ्या रकान्यात नसलेलं एक वाक्य जरी तिच्या तोंडी आलं असेल, तर मागे जाऊन ते कुठल्या दिवशी तिच्या कानावर पडलं, ते आधी लिहा.