मोटरहोममध्ये गारठलात? मराठवाड्यातल्या हिवाळी मुक्कामात या चुका टाळा

डिसेंबरात मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन पैठणच्या नाथसागराच्या काठी पक्षी बघायला गेलो होतो. दुपारी गाडीत टी-शर्ट नकोसा झाला आणि पहाटे चारला दोन रजया घेऊनही दात वाजत होते. मराठवाड्याची थंडी अशीच. हवा कोरडी, आभाळ निरभ्र; दुपारी 30 अंशांच्या आसपास, रात्री 10 च्या खाली. परभणीच्या कृषी विद्यापीठात तर 5 अंशांखालच्याही नोंदी आहेत. पत्र्याची गाडी दिवसभर तापते आणि ऊन कलल्यावर बघता बघता गार पडते.

म्हणून पडदे झोपताना लावणं ही पहिली चूक. खिडक्या पाचलाच झाका, आतली ऊब पळायच्या आधी. चंदेरी फोमशीट काचेच्या मापात कापून बसवली की काम भागतं. ड्रायव्हरसमोरची काच मात्र हमखास राहून जाते, आणि सगळ्यात मोठी काच तीच.

पांघरुणांचा ढीग अंगावर आणि खाली पातळ गादी, हीसुद्धा आमचीच चूक. वस्तीवरच्या एक आजी गाडी बघायला आल्या, जमिनीला हात लावला आणि म्हणाल्या, "वरून कितीबी पांघर बाळा, गारठा खालून चढतोय." तेव्हापासून एक घोंगडी गादीखाली असते.

आता शेगडीचं. बंद गाडीत निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं कधीच ठेवू नका, विझत आलेलंसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस उठतच नाही. ऊब यावी म्हणून गॅस पेटता ठेवणं किंवा इंजिन चालू ठेवून झोपणं, दोन्हींत हाच धोका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवाच. तो वाजला किंवा सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, तर आधी बाहेर पडा आणि थेट दवाखाना गाठा.

गॅसचं आणखी एक दुखणं म्हणजे ओल. एक किलो एलपीजी जळाला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं, त्यात आपल्या श्वासांची भर. आम्ही शहाणपणा करून छतावरच्या झरोक्यातही टॉवेल कोंबला होता. सकाळी कपाळावर टपकन थेंब पडला! गादी उचलली तर खालचा प्लायवूड काळाभोर भिजलेला. तेव्हा झरोका आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, गादीखाली फटी असलेल्या लाकडी पट्ट्या टाका. थोडी ऊब जाते, जाऊ दे.

इन्व्हर्टरवर हीटर लावायचा विचार असेल तर हिशेब करा. 12 व्होल्टच्या 150 एएच (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी, म्हणजे 900 वॉट-तास. 1500 वॉटचा हीटर त्यावर जेमतेम अर्धा तास चालेल. त्यापेक्षा गरम पाण्याची रबरी पिशवी बरी. डिझेल हीटर असेल तर त्याच्या धुराची नळी गाडीखाली न संपता बाहेर निघते ना, ते बघा. आणि तो थेट वीज तोडून बंद करू नका. बटण दाबल्यावर त्याचा पंखा काही मिनिटं फिरून आतला भाग थंड करतो.

आणि काठावरच्या खोलगट जागेत मुक्काम करू नका, गार हवा तिथेच साचते. आम्ही हल्ली गाडी चढावर लावतो, दार पूर्वेला. ऊन वर आलं की थेट गादीवर पडतं आणि गादी उभी करून वाळवता येते.