नवा हीटर घेण्याआधी कूलरची खिडकी बघा! ग्वाल्हेरच्या थंडीत या चुका टाळा

आपल्या ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. जानेवारीत पहाटे पारा चार-पाचवर, दुपारपर्यंत धुकं, आणि घराच्या दगडी भिंती हाताला बर्फासारख्या लागतात. मग आपण काय करतो, बाजारात जाऊन सरळ मोठा हीटर घेऊन येतो. मी पण तेच केलं होतं, 2000 वॅटचा ब्लोअर आणला, रोज संध्याकाळी पाच-पाच तास लावला आणि तरी आईचे पाय गारच.

कारण नंतर सापडलं. खिडकीत कूलर तसाच होता.

माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच. कूलरच्या तीन बाजू म्हणजे नुसत्या जाळ्या, आत वाळलेली खस, म्हणजे खिडकीएवढं भोक रात्रभर उघडंच की, वरून कापड टाकलं तरी वारा येतोच. दिवाळी झाली की कूलर काढा, निदान पाणी तरी पूर्ण काढा नाहीतर टाकी गंजते, आणि काढणं शक्य नसेल तर आतून त्या मापाचं प्लाय किंवा जाड थर्माकोल बसवा, कडेला फोमची पट्टी आणि बाहेरून ताडपत्री घट्ट बांधा. आमच्याकडे एवढं एक काम केलं आणि खोलीत फरक त्याच रात्री कळला.

बाकीच्या फटी शोधायला उदबत्ती लावा. खरंच, पंखा बंद करून पेटलेली उदबत्ती दाराच्या कडेने, रोशनदानाजवळ (भिंतीतला वरचा झरोका), एक्झॉस्ट फॅनच्या भोकाशी हळूहळू फिरवा (पडदे जरा लांब ठेवा), धूर जिथे वाकडा होतो तिथून वारा येतोय. आपल्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत रोशनदानाची एखादी काच फुटलेली असतेच, वर्षानुवर्षं तिकडे कोणी बघत नाही. दाराखाली जुन्या साडीत चिंध्या भरून लांब लोड करून ठेवला तरी पुरतं, विकतचं काही लागत नाही.

आता हीटरबद्दल, कारण यात खूप गैरसमज आहेत. शेजारच्या काकू म्हणतात तेलवाला हीटर कमी वीज खातो. तसं नसतं काकू! ब्लोअर, रॉडवाला, तेलवाला, सगळे एका युनिटमधून उष्णता तेवढीच देतात, फरक इतकाच की तेलवाला उशिरा तापतो पण बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो, आणि रॉडवाला समोर बसलेल्याला लगेच शेक देतो. खरा कमी खर्च हवा असेल तर हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो म्हणून तेवढ्याच उबेला साधारण एक तृतीयांश वीज लागते, पण तो आधीच घरात असेल तर, फक्त थंडीसाठी घेऊ नका.

हिशोब करून बघा, 2000 वॅटचा हीटर पाच तास सलग चालला तर दिवसाला 10 युनिट, महिन्याला 300. आपल्या मध्य प्रदेशात महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत असला तरच पहिल्या 100 युनिटला 100 रुपये हा फायदा मिळतो, एकट्या हीटरने तो जातो आणि मग लोक म्हणतात मीटर फास्ट पळतंय.

म्हणून अख्खं घर तापवायला जाऊ नका. पटियांचं (दगडी फरशांचं) उंच छत असलेल्या खोलीत गरम हवा वर जाऊन बसते आणि दगड उष्णता पीत राहतो. रात्री सगळ्यांनी एकाच लहान खोलीत बसा, पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर सरकवा, खाली सतरंजी घाला, झोपायच्या आधी अर्धा तास हीटर लावून मग बंद करून रजईत शिरा. आणि धुकं फिटलं की दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे पूर्ण उघडा, हिवाळ्यात ऊन तिकडूनच येतं, चार वाजले की लगेच ओढून घ्या. लोक उलटं करतात, दिवसभर पडदे बंद आणि संध्याकाळी हवा यावी म्हणून खिडक्या उघड्या.

गीझर दिवसभर चालू ठेवणं ही पण चूक. 15 लिटर पाणी 15 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण पाऊण-एक युनिट लागतं, मग ते गार होत राहतं आणि गीझर परत परत तापवतो. सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरकून घ्या.

हीटर एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. 2000 वॅट म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर, साधा प्लग पॉइंट 6 चा असतो. आमच्याकडे प्लग वितळून काळा झाला होता, वास आला म्हणून कळलं. 16 अँपिअरच्या मोठ्या पॉइंटवरच लावा.

आणि हे हात जोडून सांगते, बंद खोलीत सिगडी ठेवून झोपू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो, दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तिथलं रोशनदान कितीही थंडी वाजली तरी बुजवायचं नाही. सिगडी शेकायचीच असेल तर अंगणात शेका, आणि निखारे विझल्यासारखे दिसले तरी ती रात्री आत आणू नका, राखेखाली धुमसत असतात.