रोबोला सेकंद नव्हे, चाकाच्या फेऱ्या मोजू द्या
फर्स्ट लेगो लीगसारख्या, टेबलावर लेगोचे रोबो चालवण्याच्या स्पर्धेची तयारी करताना मुले हटकून ‘दोन सेकंद पुढे जा’ असा प्रोग्राम लिहितात. पण बॅटरी उतरली की, विशेषतः पूर्ण वेगात, मोटर मंदावते आणि सकाळी अचूक थांबणारा रोबो दुपारी चार बोटे अलीकडेच थांबतो. म्हणून अंतर फेऱ्यांत मोजायला शिकवावे. ५६ मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेरीत सुमारे १७.६ सेंटिमीटर जाते, हे मुलांनी स्वतः चाकाला दोरा गुंडाळून काढावे (सूत्र नंतर सांगितले तरी चालते). तरीही चाके घसरतातच. त्यामुळे वळण्यापूर्वी रोबोची पाठ टेबलाच्या कडेच्या भिंतीला टेकवून त्याला सरळ करून घ्यावे. सामना अवघा अडीच मिनिटांचा असला तरी असे सरळ करण्यात गेलेला वेळ सत्कारणी लागतो. हे सारे मुलांच्याच हातून होऊ द्यावे, कारण परीक्षक प्रश्न त्यांनाच विचारतात.