क्युबाच्या क्रांतीवर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

स्पर्धा परीक्षांच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य इतक्या वेळा समोर येतं की ते दिसलं रे दिसलं की हात लाल पेनाकडे जातो: ‘१९५९ मध्ये क्युबात कम्युनिस्ट क्रांती झाली, त्यामुळे अमेरिका व सोव्हिएत युनियन यांच्यातील तणाव वाढला.’ अगदीच चुकीचं म्हणता येत नाही, म्हणून जास्त वैताग येतो. त्यातल्या ‘त्यामुळे’ने जवळजवळ पावणेचार वर्षं गिळून टाकलेली असतात. जानेवारी १९५९ ते ऑक्टोबर १९६२. मार्क असतात ते या गिळलेल्या वर्षांना.

शेजारच्या देशात क्रांती झाली की महासत्ता लगेच एकमेकींच्या अंगावर धावून जात नाहीत. मधे तेल असतं, साखर असते, घाबरलेले सल्लागार असतात, आणि ‘आपण हे स्वसंरक्षणासाठी करतोय’ असं प्रत्येकाचं प्रामाणिक मत असतं. उत्तरांत हे सगळं कसं हुकतं, ते सांगतो.

शेवटाकडून सुरुवातीकडे वाचणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मॉस्कोने १९६२ मध्ये क्युबात नेलेली क्षेपणास्त्रं आपल्याला आधीच माहीत असतात, त्यामुळे क्रांतीचा नेता, १९५९ चा फिडेल कॅस्ट्रोही आपल्याला पहिल्या दिवसापासून मॉस्कोचा माणूस वाटतो.

१ जानेवारी १९५९ ला क्युबाचा हुकूमशहा बातिस्ता देश सोडून पळाला. ७ जानेवारीला अमेरिकेने नव्या सरकारला मान्यताही दिली. कॅस्ट्रो राजधानी हवानात पोहोचला ८ तारखेला, म्हणजे मान्यता त्याच्याही आधी आली! एप्रिलमध्ये तो अमेरिकेत गेला, उपाध्यक्ष निक्सन यांना भेटला. धाकटा भाऊ राउल आणि चे गव्हेरा डावीकडे झुकलेले होते हे खरं. पण क्युबातल्या जुन्या कम्युनिस्ट पक्षाने कॅस्ट्रोने १९५३ मध्ये मोंकादा लष्करी बराकीवर केलेल्या हल्ल्याला साहसवाद म्हणून नावं ठेवली होती. आणि मॉस्कोचे हवानाशी पूर्ण राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते थेट मे १९६० मध्ये.

मग क्रांती ‘समाजवादी’ कधी झाली? कॅस्ट्रोने तो शब्द जाहीरपणे वापरला १६ एप्रिल १९६१ ला. आदल्या दिवशी क्युबाच्या विमानतळांवर बॉम्ब पडले होते, त्यात मेलेल्यांच्या अंत्ययात्रेत तो बोलत होता. दुसऱ्या दिवशी, १७ एप्रिलला, अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएने तयार केलेले सुमारे १,४०० क्युबन निर्वासित क्युबाच्या किनाऱ्यावर, बे ऑफ पिग्जला उतरले. तीन दिवसांत खेळ आटोपला. ‘मी मार्क्सवादी-लेनिनवादी आहे’ हे त्याने सांगितलं त्याही नंतर, डिसेंबर १९६१ मध्ये.

यावरून ‘अमेरिकेनेच त्याला कम्युनिस्ट केलं’ असं लिहायला जाऊ नका. तीही तेवढीच आळशी मांडणी. कॅस्ट्रोला अमेरिकी कंपन्यांची जमीन हवी होती, ती घेण्यासाठी कायदा त्याने मे १९५९ मध्येच आणला, आणि निवडणुका घ्यायची त्याला घाई नव्हती. दोन्ही बाजू लिहा.

उपाय: वहीचं पान आडवं धरा

माझा एकच उपाय आहे आणि तो फुकट आहे. पान आडवं धरा, तीन रकाने पाडा: हवाना, वॉशिंग्टन, मॉस्को. आता फक्त १९६० हे वर्ष भरा.

फेब्रुवारी: सोव्हिएत उपपंतप्रधान मिकोयान हवानात येतात. साखर घेण्याचा करार होतो, १० कोटी डॉलरचं कर्ज मिळतं, बदल्यात इतर मालाबरोबर सोव्हिएत कच्चं तेल येणार असतं. १७ मार्च: अमेरिकी अध्यक्ष आयझेनहॉवर कॅस्ट्रोविरोधी गुप्त कारवाईच्या आराखड्याला मंजुरी देतात. जून: रशियन तेल बंदरात येतं. ते शुद्ध करायचे कारखाने टेक्साको, एस्सो आणि शेल यांचे. वॉशिंग्टनच्या सल्ल्याने ते नकार देतात. क्युबा कारखाने ताब्यात घेतं. ६ जुलै: आयझेनहॉवर अमेरिका क्युबाकडून घेते त्या साखरेचा उरलेला कोटा ७ लाख टनांनी कापतात. ९ जुलै: सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह भाषणात सुचवतात की वेळ पडलीच तर सोव्हिएत रॉकेटं क्युबाच्या पाठीशी आहेत. लगेच मॉस्को ती कापलेली साखर घ्यायची तयारी दाखवतं. ऑगस्ट: क्युबा अमेरिकी साखर कारखाने, वीज आणि टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतं. ऑक्टोबर: अमेरिका बहुतेक निर्यात बंद करते.

रकाने भरून झाले की बोट ठेवून वाचा. एका रकान्यातलं उत्तर दुसऱ्या रकान्यात चिथावणी म्हणून उतरलेलं दिसेल. गुप्त आराखड्याची मंजुरी मार्चची आहे आणि तेलाचं भांडण जूनचं, हेही दिसेल. साध्या यादीत हे कधीच दिसत नाही. साखरेचं तर आपल्याला वेगळं सांगायला नको: ज्याच्या हातात उसाचा भाव त्याच्या हातात गाव, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. क्युबाचं सगळं गावच उसाचं होतं, आणि गिऱ्हाईक एकच.

फक्त एकाच दारातून बघणं

‘अमेरिकेच्या दारात क्षेपणास्त्रे’ हे वाक्य दहापैकी नऊ उत्तरांत असतं. फ्लोरिडाच्या टोकापासून क्युबा जेमतेम १४५ किलोमीटर, तेव्हा दार म्हणणं बरोबरच. पण मॉस्कोलाही दार होतं. तुर्कस्तानात अमेरिकेची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रं होती, इटलीत ३०. तुर्कस्तानात ती बसवायचा करार १९५९ चा, आणि ती सज्ज झाली १९६२ मध्ये.

१६ ऑक्टोबर १९६२ ची व्हाइट हाउसमधली बैठक गुपचूप ध्वनिमुद्रित झालीय, म्हणून एक गंमत आपल्याला कळते. अध्यक्ष केनेडी वैतागून म्हणतात की हे म्हणजे आपण अचानक तुर्कस्तानात मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं ठेवायला लागण्यासारखं झालं, ते किती धोक्याचं ठरलं असतं! त्यावर सुरक्षा सल्लागार बंडी सांगतात: ती आपण ठेवलीच आहेत, मिस्टर प्रेसिडेंट. अध्यक्षाला स्वतःचं हत्यार आठवत नव्हतं, समोरच्याचं मात्र टोचत होतं. या एका प्रसंगावर परिच्छेद लिहिलात तर मी पूर्ण मार्क देईन.

याच्याच जोडीला येणारी चूक: ‘सोव्हिएत युनियन अण्वस्त्रांत पुढे होता.’ केनेडींनी १९६० च्या प्रचारात ‘मिसाइल गॅप’चा, म्हणजे क्षेपणास्त्रांत अमेरिका मागे पडल्याचा, बराच गाजावाजा केला होता खरा, पण गॅप होता तो उलट्या बाजूने. अमेरिकेपर्यंत थेट पोहोचणारी क्षेपणास्त्रं मॉस्कोकडे थोडीच होती, मध्यम पल्ल्याची मात्र भरपूर. ती क्युबात नेली की अंतराची अडचण संपते, असा ख्रुश्चेव्ह यांचा हिशोब. क्युबाला वाचवायचं होतं आणि तोलही साधायचा होता. दोन्ही कारणं लिहा, एकच निवडत बसू नका.

कॅस्ट्रोला प्यादं समजणं

बुद्धिबळाची उपमा सगळ्यांनाच आवडते. मलाही आवडायची. पण यातलं प्यादं स्वतःहून चालत होतं.

मिकोयान यांनी अमेरिकी परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांना पुढे एकदा सांगितलं की तुम्हाला कळत नाही, आम्हा जुन्या बोल्शेव्हिकांना क्युबा म्हणजे काय वाटतं: लाल सेना न जाता एक देश कम्युनिस्ट झाला, आम्ही पुन्हा तरुण झालो. हा ओलावा हिशोबात धरला नाही तर मॉस्को एवढ्या दूरच्या बेटासाठी एवढी जोखीम का घेतं ते कळत नाही. मोठ्याला धाकट्याचा अभिमान असतो, आणि धाकट्याला ते पुरतं ठाऊक असतं.

२६ ऑक्टोबरच्या रात्री कॅस्ट्रोने ख्रुश्चेव्ह यांना पत्र लिहिलं: अमेरिकेने क्युबावर प्रत्यक्ष आक्रमण केलंच, तर तिला पहिला अण्वस्त्र हल्ला करायची संधी देऊ नका. ख्रुश्चेव्ह हादरले. २७ तारखेला क्युबावर अमेरिकेचं यू-२ टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाला. क्षेपणास्त्र सोव्हिएत होतं, पण डागायचा निर्णय बेटावरच्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मॉस्कोला न विचारता घेतला होता. त्याच दिवशी दुसरं एक यू-२ वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. आणि अटलांटिकमध्ये अमेरिकी नौदल ज्या सोव्हिएत पाणबुडीला वर यायला भाग पाडत होतं, तिच्यात अण्वस्त्राचं टोक असलेला टॉर्पेडो होता, याचा वर कोणालाही पत्ता नव्हता. ‘दोन महासत्तांनी परिस्थिती काळजीपूर्वक हाताळली’ असं लिहिण्याआधी हा एक शनिवार आठवा.

२८ ला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं मागे नेण्याची घोषणा रेडिओवरून केली. कॅस्ट्रोला कोणी विचारलं नव्हतं. आपल्या बेटाचा निकाल त्याला बातम्यांतून कळला.

क्वारंटाइनचं विलगीकरण करणं

ही चूक २०२० नंतरची आहे आणि तिच्यावर मी रागावत नाही, हसतो. केनेडींनी २२ ऑक्टोबरच्या भाषणात नाकेबंदीसाठी मुद्दाम ‘क्वारंटाइन’ शब्द वापरला, आणि एका उत्तरात मी चक्क ‘क्युबाचे विलगीकरण करण्यात आले’ असं वाचलंय. मुद्दा शब्दातच आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी म्हणजे युद्धाची कृती. म्हणून नाव बदललं, फक्त शस्त्रं नेणारी जहाजं अडवू असं जाहीर केलं, आणि अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेची संमतीही मिळवली. मराठीत सरळ ‘नाकेबंदी’ लिहा आणि पुढच्या वाक्यात केनेडींनी तो शब्द का टाळला ते सांगा.

२८ ऑक्टोबरला पूर्णविराम देणं

‘तेरा दिवस’ हा हिशोब वॉशिंग्टनचा. केनेडींना क्युबातल्या क्षेपणास्त्रांचे फोटो दाखवले त्या १६ तारखेपासून २८ पर्यंतचा. हवानात संकट त्याआधीच सुरू होतं, आणि नोव्हेंबरमध्ये ते संपलेलं नव्हतं.

चिडलेल्या कॅस्ट्रोची समजूत घालायला पुन्हा मिकोयान यांनाच धाडलं. ते हवानात असतानाच मॉस्कोत त्यांच्या पत्नीचं निधन झालं. ते अंत्यसंस्कारालाही गेले नाहीत, बोलणी चालू ठेवली. कॅस्ट्रोने बेटावर तपासणीला साफ नकार दिला. आयएल-२८ बॉम्बर विमानं परत न्यायची की नाही यावर आणखी काही आठवडे गेले. २० नोव्हेंबरला नाकेबंदी उठली. क्युबात तेव्हा सुमारे ४२ हजार सोव्हिएत सैनिक होते आणि रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रंही होती. अमेरिकेचा सैनिकांचा अंदाज त्यापेक्षा फार कमी होता, आणि त्या छोट्या अण्वस्त्रांचं गांभीर्य तर तिला तीसेक वर्षांनी कळलं.

‘ख्रुश्चेव्हची हार, केनेडींचा विजय’ हेही इथेच अडकतं. २७ च्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांना सांगितलं की तुर्कस्तानातली ज्युपिटर काढू, पण हे बाहेर फुटता कामा नये. एप्रिल १९६३ पर्यंत ती निघालीही. लोकांनी पाहिली ती सोव्हिएत जहाजं परत जाताना. त्या गुपिताची किंमत ख्रुश्चेव्ह यांनी चुकवली. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांना पदावरून काढलं, तेव्हा ठेवलेल्या दोषांत क्युबाही होतं.

हिमालय दुसऱ्या धड्यात टाकणं

आपल्याकडची खास चूक. चीनचा हल्ला २० ऑक्टोबर १९६२ चा, केनेडींचं भाषण २२ चं. पण आपण एक ‘भारताचे परराष्ट्र धोरण’मध्ये पाठ करतो, दुसरं ‘शीतयुद्ध’मध्ये, आणि दोघांची गाठ पडू देत नाही. क्युबाच्या पेचात चीन दुरावू नये म्हणून मॉस्कोने त्या दिवसांत दिल्लीकडे पाठ फिरवली. २५ ऑक्टोबरच्या ‘प्रावदा’ या सोव्हिएत पक्षाच्या वृत्तपत्राने चीनच्या सीमावादावरच्या प्रस्तावाची तळी उचलली. क्युबाचा ताण उतरल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सूर पुन्हा मवाळ झाला. एकतर्फी युद्धबंदीची चीनची घोषणा २०-२१ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीची, म्हणजे नाकेबंदी उठली तो दिवस. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले तेही याच सुमाराला. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपण कौतुकाने म्हणतो, पण तेव्हा जगाचे डोळे हिमालयाकडे नव्हते, कॅरिबियन समुद्राकडे होते.

बारीकसारीक, पण मार्क खाणारं

बे ऑफ पिग्ज १९६१ चं, क्षेपणास्त्रांचा पेच १९६२ चा. माझ्या स्वतःच्या पहिल्या टिपणांत दोन्ही एकाच वर्षात होती. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांना थेट जोडणाऱ्या हॉटलाइनचा करार जून १९६३ चा, तिच्यावर फोन नव्हता, टेलिप्रिंटर होता. अंशतः अणुचाचणीबंदी करार ऑगस्ट १९६३.

आणि ग्वांतानामो, क्युबातला अमेरिकी नौदलाचा तळ. हा तळ क्रांतीनंतर अमेरिकेने बळकावला असं लिहू नका. तो १९०३ पासून भाडेपट्ट्यावर आहे. तो परत मिळावा ही २८ ऑक्टोबरला कॅस्ट्रोने मांडलेल्या पाच मागण्यांतली एक होती, आणि ती कोणी ऐकलीच नाही. भाडं वर्षाला ४,०८५ डॉलर. क्रांतीच्या पहिल्या वर्षी त्याचा एक चेक वटवला गेला. पुढचे कॅस्ट्रोने टेबलाच्या खणात टाकून ठेवले.